खेळ नाशिकमध्ये, यंत्र घाटाखाली

आजचे नवे व्हिडिओ गेम सुरळीत चालतील असा संगणक घ्यायचा तर एखाद्या मोटारसायकलीइतका खर्च येतो. त्यातला मोठा वाटा चित्रे तयार करणाऱ्या प्रक्रियकाचा, म्हणजे ग्राफिक कार्डाचा असतो. चार-पाच वर्षे गेली की नवे गेम त्यालाही पेलेनासे होतात. बहुतेक घरांना हा खर्च परवडत नाही, आणि शाळेच्या संगणक कक्षात असे यंत्र असण्याचा तर प्रश्नच येत नाही. या अडचणीवर गेल्या पंधरा वर्षांत एक उपाय पुढे आला आहे. यंत्र घरी आणायचेच नाही. ते दूरच्या एखाद्या इमारतीत राहील, गेम तिथेच चालेल, आणि आपल्या पडद्यावर फक्त त्याने काढलेली चित्रे येतील. आपण बटण दाबले की तो संदेश तिकडे जाईल. याला क्लाउड गेमिंग म्हणतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग सेवा भारतात सुरू केली आणि हा शब्द मुलांच्या बोलण्यात आला. साधा मोबाइल किंवा जुना लॅपटॉप असला तरी महागड्या यंत्रावरचा खेळ खेळता येईल, असे या सेवेचे आश्वासन आहे. ते कितपत खरे आहे हे तपासताना प्रकाशाचा वेग, माहितीचे मोजमाप, सरासरी आणि तिच्याभोवतीचा विखुरलेपणा असे शालेय अभ्यासक्रमातले कितीतरी विषय सहज हाताशी येतात. शेवटी एक सामाजिक प्रश्नही उभा राहतो. म्हणून हा विषय शिक्षकांनी समजून घेण्याजोगा आहे.

कल्पना जुनीच

एक महागडे यंत्र अनेकांनी मिळून वापरण्याची कल्पना नवी नाही. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी-३६०० हा त्या काळातला मोठा संगणक बसवण्यात आला. देशातल्या अनेक संस्थांमधले संशोधक आपली गणिते छिद्रे पाडलेल्या कार्डांवर घालून तिथे आणत आणि छापील कागदावर उत्तरे घेऊन जात. उत्तर मिळायला वेळ लागे, पण त्याने फारसे बिघडत नसे, कारण तेच गणित हाताने करायला महिने लागले असते.

विजेचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. प्रत्येक घराने आपापले डिझेल जनित्र बाळगण्यापेक्षा एकलहऱ्यासारख्या एखाद्या केंद्रात वीज तयार करून तारांमधून ती घरोघर पुरवणे सोयीचे ठरते. क्लाउडचे पुरस्कर्ते हेच उदाहरण देतात. पण एका ठिकाणी ते लंगडे पडते. वीज एकाच दिशेने येते. दिवा लावणाऱ्याला केंद्राशी काही बोलावे लागत नाही. खेळात मात्र प्रत्येक क्षणी आपल्याला यंत्राला काहीतरी सांगायचे असते आणि त्याचे उत्तर लगेच हवे असते. क्लाउड गेमिंगची सारी गुंतागुंत या 'जाऊन येण्या'त आहे.

किती माहिती येते?

आधी येणाऱ्या माहितीचा हिशेब करू. चांगल्या दर्जाच्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. तेव्हा एका चित्राला सुमारे ५ कोटी बिट झाले. हालचाल सलग दिसण्यासाठी सेकंदाला ६० चित्रे पाठवावी लागतात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट! घरगुती इंटरनेटला हे झेपणारे नाही.

म्हणून दूरचे यंत्र पूर्ण चित्र पाठवत नाही. फळ्यावरच्या गणितात एकच आकडा बदलायचा असेल तर आपण सगळा फळा पुसत नाही, तेवढाच आकडा पुसून नवा लिहितो. त्याच रीतीने आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले असेल तेवढेच मुख्यतः पाठवले जाते. डोळ्यांना सहसा जाणवत नाहीत असे बारकावेही गाळले जातात. या युक्त्यांनी ३०० कोटी बिट सुमारे दीड कोटीवर, म्हणजे १५ मेगाबिटवर येतात. जवळजवळ दोनशेपट बचत झाली.

तरीही ही रक्कम लहान नाही. सेकंदाला १५ मेगाबिट या दराने एका तासात ५४,००० मेगाबिट होतात. आठ बिटांचा एक बाइट धरला तर हे पावणेसात गिगाबाइट झाले. आता ज्याच्या मोबाइलवर दिवसाला दीड गिगाबाइट डेटा मिळतो अशा विद्यार्थ्याचा विचार करा. त्याचा दिवसभराचा डेटा १३ मिनिटे २० सेकंदांत संपेल! यंत्राचे पैसे वाचले, पण त्यातला काही भाग डेटाच्या बिलात परत भरावा लागला.

सिनेमा अडत नाही, मग खेळ का अडतो?

इथे एक शंका हमखास विचारली जाते. मोबाइलवर सिनेमा तर व्यवस्थित दिसतो, क्रिकेटचा सामनाही दिसतो. मग खेळालाच काय अडचण?

सिनेमा आधीच तयार असतो. त्यामुळे मोबाइल पुढच्या अर्ध्या-एक मिनिटाचा भाग आधीच मागवून साठवून ठेवतो. वाटेत दहा सेकंद खोळंबा झाला तरी साठा असल्यामुळे प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. घरातल्या पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे. नळाला पाणी अधूनमधून आले तरी टाकीत शिल्लक असेपर्यंत कोणाचे अडत नाही. थेट दाखवला जाणारा सामनाही प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असतो. शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर षटकार नंतर दिसतो, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

खेळात अशी टाकी भरता येत नाही. पुढचे चित्र कोणते असेल हे खेळणारा आता कोणते बटण दाबतो यावर ठरते. ते चित्र अजून जन्मालाच आलेले नसते, मग साठवणार काय? चित्रांचे आकारमान कमी करतानाही हीच अडचण येते. सिनेमात पुढची चित्रे पाहून मधल्या चित्रांची आणखी बचत करता येते. खेळात ती सोय नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एक म्हणजे वहनक्षमता, अर्थात सेकंदाला किती माहिती येते. दुसरी म्हणजे विलंब, अर्थात संदेश जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो. द्राक्षांनी भरलेला ट्रक नाशिकहून मुंबईला पुष्कळ माल नेतो, पण चार-पाच तास घेतो. टेलिफोनवर एकच वाक्य जाते, पण क्षणात पोहोचते. ट्रक कितीही मोठा केला तरी तो लवकर पोहोचत नाही. इंटरनेट कंपन्यांच्या जाहिरातीत जो 'वेग' सांगितलेला असतो ती बहुधा वहनक्षमता असते. विलंबाबद्दल तिथे क्वचितच काही लिहिलेले आढळते.

शंभर मिलिसेकंदांचा जमाखर्च

मुंबई आणि नवी मुंबई हे देशातले माहिती साठवणाऱ्या व प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांचे मोठे ठिकाण आहे. समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबली वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, आणि ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात अशी अनेक केंद्रे उभी राहिली आहेत. समजा, आपल्या खेळाचे यंत्र तिथेच आहे आणि खेळणारा नाशिकमध्ये आहे. कसारा घाट उतरून जाणारी केबलची वाट २०० किलोमीटर धरू.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. निर्वातातल्या वेगाच्या हा दोन-तृतीयांश झाला. म्हणजे २०० किलोमीटरला एक मिलिसेकंद, जाऊन-येऊन दोन. वाटेतली उपकरणे आणखी एखाद-दुसरा मिलिसेकंद घेतील. बाकीचा खर्च उदाहरणादाखल असा मांडता येईल. बटण दाबलेले कळायला ५, यंत्राने नवे चित्र तयार करायला १७, त्याचे आकारमान कमी करायला ८, आपल्याकडे ते पुन्हा उलगडायला ८, पडद्यावर उमटायला १६ आणि मोबाइल ते टॉवर ते केबल हा प्रवास जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद. बेरीज शंभराच्या जवळ येते. यंत्र घरीच असते तर वाटेचा, आकारमान घटवण्याचा आणि उलगडण्याचा वेळ वाचून हीच बेरीज चाळिशीच्या आत राहिली असती.

शंभर मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. एवढ्याशा वेळाने काय बिघडते? ताशी १४० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू एवढ्या वेळात जवळजवळ चार मीटर पुढे सरकतो. फलंदाजाला चार मीटर मागचे दृश्य दिसू लागले तर त्याची काय गत होईल याची कल्पना करा. बुद्धिबळासारख्या खेळात हा विलंब कळणारही नाही. मोटार पळवण्याच्या किंवा नेम धरण्याच्या खेळात मात्र हात आणि डोळा यांचा मेळ बिघडतो.

आता वरच्या जमाखर्चाकडे पुन्हा नीट पाहा. नाशिक ते नवी मुंबई हे अख्खे अंतर, घाटासकट, तीन-चार मिलिसेकंदांत पार पडले. चाळीस मिलिसेकंद खर्च झाले ते घर ते टॉवर या शेवटच्या एक-दोन किलोमीटरच्या टप्प्यावर! रेडिओलहरी सावकाश जातात असे मुळीच नाही. त्या तर काचतंतूतल्या प्रकाशापेक्षाही वेगाने जातात. पण एका टॉवरवर शेकडो मोबाइल असतात. प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि संदेश बिघडला तर तो पुन्हा पाठवावा लागतो. गर्दी वाढली की ही प्रतीक्षाही वाढते.

त्यातही सरासरीपेक्षा चढउतार जास्त त्रासदायक असतात. एस.टी. नेहमीच दहा मिनिटे उशिरा येत असेल तर आपण तेवढे उशिरा निघतो. पण ती एखाद्या दिवशी वेळेवर आणि एखाद्या दिवशी पाऊण तास उशिरा येत असेल तर काहीच आखता येत नाही. ठराविक विलंबाची खेळणाऱ्याच्या हाताला सवय होऊ शकते, बदलत्या विलंबाची होत नाही.

खेळाचे यंत्र परदेशात असेल तर मात्र अंतरच आडवे येते. सिंगापूर नाशिकपासून सरळ रेषेत सुमारे ४,००० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद लागणारच. भूस्थिर उपग्रहाची गोष्ट तर याहून कठीण. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर-खाली आणि उत्तर वर-खाली अशा चार फेऱ्यांचे १,४४,००० किलोमीटर होतात, आणि त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. पैसे खर्चून वहनक्षमता वाढवता येते, प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही.

सोय कोणासाठी, पोहोचते कोणाला?

या हिशेबातून एक विपरीत गोष्ट समोर येते. नाशिक शहरात गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला ज्याच्या घरी काचतंतूची जोडणी आहे, त्याने ती थेट तारेने संगणकाला जोडली तर शेवटच्या टप्प्याचा विलंब काही मिलिसेकंदांवर येतो. त्याला क्लाउडवरचा खेळ घरच्या यंत्रासारखाच वाटू शकेल. डेटाच्या मर्यादेची काळजीही त्याला फारशी नसते. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातल्या डोंगराळ वस्तीवरचा विद्यार्थी मात्र मोबाइलवरच अवलंबून असतो. त्याच्या वाट्याला विलंब जास्त, चढउतार जास्त आणि डेटा मोजका येतो.

महागडे यंत्र घेणे ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी ही सोय निघाली. पण ती उत्तम चालते ज्याला यंत्र घेणे बहुधा जमले असते त्याच्याकडे. तंत्र सदोष आहे असा याचा अर्थ नव्हे. यंत्राचा खर्च त्याने खरोखरच वाटून टाकला, पण रस्त्याचा खर्च मात्र ज्याचा त्याच्यावरच राहिला. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. अशा योजनेची केबल ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून शाळेपर्यंत आणि घरापर्यंत किती पोहोचते, यावर क्लाउडचा खरा लाभ अवलंबून आहे.

संध्याकाळची गर्दी

सेवा चालवणाऱ्यांपुढेही एक पेच आहे. एक यंत्र अनेकांनी वापरायचे तर सगळ्यांच्या वेळा वेगवेगळ्या असायला हव्यात. संगणकाची इतर कामे, उदाहरणार्थ हवामानाची आकडेमोड, जगात जिथे यंत्र रिकामे असेल तिथे पाठवता येतात. खेळणारे मात्र बहुतेक सगळे रात्री आठ ते अकराच्या दरम्यान जमतात. भारतभर एकच प्रमाणवेळ असल्यामुळे ही गर्दी एकाच वेळी होते. त्या वेळी दूरच्या एखाद्या देशात पहाट असेल आणि तिथली यंत्रे रिकामी असतील. पण वर पाहिलेल्या विलंबामुळे ती आपल्या उपयोगी पडत नाहीत. म्हणून कंपनीला गर्दीच्या तीन तासांना पुरतील इतकी यंत्रे जवळच्याच केंद्रात ठेवावी लागतात, आणि ती उरलेला बराच वेळ कमी कामात पडून राहतात. नाहीतर ग्राहकांना रांगेत उभे करावे लागते.

गेम कोणाच्या मालकीचा?

आणखी एक तोटा वेगळ्या प्रकारचा आहे. पुस्तक विकत घेतले की प्रकाशन संस्था बंद पडली तरी ते आपल्या कपाटात राहते. क्लाउडवरच्या खेळाचे तसे नाही. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेली ऑनलाइव्ह ही या क्षेत्रातली सुरुवातीची सेवा २०१५ मध्ये बंद पडली. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू केलेली स्टेडिया ही सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली. गूगलने ग्राहकांना गेमचे आणि उपकरणांचे पैसे परत दिले हे खरे. पण जे गेम फक्त तिथेच होते आणि खेळणाऱ्यांनी जी प्रगती तिथे साठवली होती, त्यातले बरेच काही त्या दिवशी गेले. २०२० मध्ये एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स नाऊ या सेवेतून काही प्रकाशकांनी आपले गेम काढून घेतले. ज्यांनी ते गेम दुसरीकडे रीतसर विकत घेतले होते त्यांनाही ते या सेवेवर खेळता येईनात.

शिक्षणाच्या दृष्टीने याची आणखी एक बाजू आहे. गेमच्या फायली उघडून पाहणे, त्यात बदल करून बघणे या खटपटीतून अनेक मुले प्रोग्रॅमिंगकडे वळतात. यंत्र दूरच्या कुलूपबंद इमारतीत गेले की ही खटपट बंद होते. उरते फक्त पडद्यावरचे चित्र.

वर्गात करून पाहा

पुढील चार उपक्रमांना विशेष साहित्य लागत नाही.

१. एका विद्यार्थ्याने फूटपट्टी उभी धरून न सांगता सोडावी, दुसऱ्याने ती बोटांच्या चिमटीत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर मुक्तपतनाच्या सूत्राने प्रतिसादाचा वेळ सुमारे ०.२ सेकंद येतो. त्यात आणखी ०.१ सेकंदाचा विलंब मिळवला तर पट्टी किती घसरेल ते काढायला सांगावे. उत्तर सुमारे ४४ सेंटिमीटर येते, म्हणजे फूटपट्टी हातातून निसटलेलीच असेल!

२. एका मुलाचे डोळे बांधून त्याला बाकांमधून चालवावे. आधी सूचना थेट द्याव्यात. मग त्याच सूचना तीन मुलांच्या कानगोष्टीतून पोहोचवाव्यात. शब्द तेवढेच असतात, तरी चालणारा बाकाला धडकतो. वहनक्षमता आणि विलंब यांतला फरक यापेक्षा सोप्या रीतीने दाखवता येणार नाही.

३. शाळेच्या संगणकावर कमांडच्या खिडकीत 'पिंग' ही आज्ञा देऊन पुढे एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहावे. संदेश जाऊन यायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत दिसतो. वीस नोंदी घेऊन सरासरी काढावी, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान नोंदीतला फरकही काढावा. हेच मोबाइलच्या इंटरनेटवर आणि तारेच्या जोडणीवर, सकाळी आणि रात्री करून तुलना करावी. मोठ्या कंपन्या आपली यंत्रे जागोजागी ठेवतात, म्हणून दूरचे अंतर मोजायचे असल्यास परदेशी विद्यापीठांची संकेतस्थळे निवडावीत. एखादे संकेतस्थळ उत्तर देत नसेल तर दुसरे घ्यावे.

४. डेटाचा वर केलेला हिशेब विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या रिचार्जवर करून पाहावा. तासभर खेळाला किती रुपये पडतात हे आकड्यात दिसले की मुले स्वतःच विचार करू लागतात.

यंत्र दूर ठेवून वापरण्याची पद्धत आता खेळापुरती राहिलेली नाही. प्रयोगशाळेतले प्रयोग, नकाशे, प्रोग्रॅमिंगचा सराव या सगळ्या गोष्टी याच मार्गाने शाळेत येत आहेत. अशी एखादी सोय पुढे आली की तीन प्रश्न विचारावेत. या कामात उत्तर यायला किती उशीर चालेल? ते आपल्या गावापर्यंत येणारा रस्ता कसा आहे? आणि उद्या सेवा बंद झाली तर आपल्याजवळ काय उरेल? प्रोग्रॅमिंगच्या सरावात एक सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही आणि डेटाही थोडा लागतो. म्हणून सुरगाण्याच्या शाळेला क्लाउडचा लाभ खेळापेक्षा अशा कामात आजच मिळू शकतो. मात्र मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची एक प्रत शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवायला विसरू नये.